एकोणसाठ म्हणजे किती

सरांसमोर 'धूर' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो कानावर पडला की ते हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोर कोण उभं आहे हे न बघता त्याचा तास घेत. धूर कशाला म्हणायचं, वाफ कशाला, काजळी कशाला, आणि ह्या सगळ्यांच्या पोटात जे बारीक काहीतरी असतं, जे डोळ्यांना दिसत नाही पण छातीत जाऊन मुक्काम करतं, त्याला कणच का म्हणायचं. भोपाळच्या शहर बसच्या डेपोत त्यामुळे त्यांचं नाव 'धुएँवाले साहब' पडलं होतं आणि ते मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात घेतलं जाई. "धुआँ नहीं भैया, कण," सर दर वेळी न चिडता सांगत. ड्रायव्हर "जी साहब, कण" म्हणत आणि सरांची पाठ वळली की पुन्हा धुआँ.

आमचं काम सांगायला सोपं होतं. शहरात डिझेलच्या बस होत्या, सीएनजीच्या होत्या, विजेवरच्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, आणि एक बस सरांच्या तेलावर धावत होती. त्या तेलाबद्दल पुढे सांगते. कोणती बस किती कण सोडते ते आम्ही मोजायचो. बसच्या सायलेन्सरमध्ये एक बारीक नळी घालायची, पंपाने थोडी हवा ओढायची आणि ती एका गोल पांढऱ्या फिल्टरमधून जाऊ द्यायची. फिल्टरचं आधी वजन, नंतर वजन. मधला फरक म्हणजे कण.

सगळ्या डेपोला ही पद्धत हास्यास्पद वाटे. डेपोची स्वतःची पद्धत होती, ती म्हणजे रुमाल. पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरायचा आणि काळा झाला नाही की गाडी पास. सीएनजीच्या बसचा एक ड्रायव्हर तर रोज सकाळी सरांना तो स्वच्छ रुमाल दाखवून मग त्यानेच तोंड पुसत असे. सर डोळे मिटून घेत. एकदा मला म्हणाले, "ह्या रुमालातून जे आरपार गेलं ना, तेच मला हवं आहे. आणि हा तोच रुमाल तोंडाला लावतोय."

मी त्यांच्याकडे लागले ती पदवी झाल्या झाल्या. आमच्या कॉलेजच्याच प्रयोगशाळेत ते काम चालायचं. इंटरव्ह्यूला आम्ही पाच जण होतो. बाकीच्या चौघांना सरांनी पंपांबद्दल, दाबाबद्दल, तापमानाबद्दल घाम फुटेपर्यंत विचारलं. मला एकच प्रश्न. "मराठी येतं?"

"घरी मराठीच बोलतो आम्ही," मी म्हटलं.

"मग सोमवारपासून ये."

चार वर्षं घासून मिळवलेल्या पदवीचा हा अपमान मला चांगलाच झोंबला. आई मात्र खूश. माझे बाबा पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आले आणि इथेच रमले, तेव्हापासून आईने घरात शुद्ध मराठीची चौकी बसवली होती. "बघ," ती म्हणाली, "आता कळलं का, मी जीव का तोडत होते ते?"

मराठी कशाला हवं होतं ते पहिल्याच दिवशी कळलं. वजनाचा काटा एका वेगळ्या खोलीत होता. खोली म्हणजे मोठं कपाटच. काटा इतका नाजूक की जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासानेही त्याचा आकडा हलायचा. म्हणून आत एकटे सर. दार बंद, पंखा बंद, पायात धुतलेले मोजे, श्वास रोखलेला. पावडर, अत्तर, डोक्याला तेल हे सगळं वजनाच्या दिवशी वर्ज्य. मी बाहेर, दाराच्या छोट्या झडपेला कान लावून, हातात वही घेऊन. काटा स्थिरावला की सर आतून आकडा सांगणार. मी तो मोठ्याने परत म्हणणार, म्हणजे ऐकण्यात चूक नाही ह्याची सरांना खात्री पटणार, आणि मग मी तो लिहिणार. आणि सर आकडे सांगत ते मराठीत.

त्यांचे वडील नागपूरचे. राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा ऑफिसातल्या कपाटांबरोबर कारकूनही आले, त्यांतले एक. सर भोपाळातच जन्मले. ते बोलत हिंदीत, रिपोर्ट लिहीत इंग्रजीत, भांडत अस्सल भोपाळीत. पण वडिलांनी रोज पहाटे कान धरून उठवून पाढे म्हणून घेतले होते, त्यामुळे आकडे मात्र डोक्यात मराठीतच बसले होते. "आकडा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ओतला की थोडा सांडतो," ते म्हणत. आधीचे तीन सहायक हिंदी बोलणारे होते. त्यांच्यासाठी मनातल्या मनात भाषांतर करताना एकदा काहीतरी सांडलं होतं, आणि ते कोणाच्या हातून, हे सर कधी सांगत नसत.

आता माझं गुपित सांगून टाकते. मला मराठी आकडे येत नव्हते. 'घरी मराठीच बोलतो' हे शंभर टक्के खरं, पण मराठीत मोजतो कुठे? शाळा इंग्रजी, बिट्टन मार्केटातली भाजी हिंदी, आणि घरातही आई 'गॅस फॉर्टी मिनिट्सनी बंद कर' असंच म्हणायची. पहिल्या दिवशी आतून "त्रेसष्ट" असा आवाज आला. मी ठणठणीत आवाजात "त्रेसष्ट" म्हटलं आणि वहीत तो शब्दच अक्षरांत लिहून ठेवला. संध्याकाळी आईला विचारून मग त्याचा आकडा केला. दोनेक आठवडे हे असं चाललं. हळूहळू कळलं की हे काही फार परकं प्रकरण नाही. पंचेचाळीस हा पैंतालीसचा मावसभाऊच, सव्वीस हा छब्बीसचा. अवघड वाटले ते आकडे मी आईला विचारले. सोपे वाटले ते विचारायचा प्रश्नच नव्हता. महिन्याभरात मी झडपेपाशी अशी काही घडाघडा लिहायला लागले की सर आतून "शाब्बास" म्हणत. श्वास रोखलेला असल्याने ते "शाब" इतकंच ऐकू येई.

माप घेण्याच्या बाबतीत ते देवालाही सूट देणारे नव्हते. बस रस्त्यावर धावताना मोजायची, तर तिच्यात प्रवाशांचं वजन हवं. पण प्रवासी मध्येच चढतात, उतरतात, पान थुंकायला दारात येऊन उभे राहतात. म्हणून सरांनी प्रवाशांऐवजी वाळूची पोती बसवली. एकेका सीटवर एकेक पोतं. बस नेहमीच्या मार्गाने करोंदपर्यंत जायची आणि प्रत्येक थांब्यावर थांबायची. दार उघडायचं, सर घड्याळ बघायचे, पोती स्वस्थ बसून राहायची, मग दार बंद. थांब्यावरची माणसं हे बघून आधी शिव्या द्यायची आणि मग आत डोकावून गप्प व्हायची.

एकदा करोंदच्या मंडीपाशी एक म्हातारी लसणाचं गाठोडं घेऊन सरळ चढली आणि एका पोत्याला ढकलून त्याच्या शेजारी बसली. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, उतरो, यह सवारी गाड़ी नहीं है."

"तो ये सब कौन बैठे हैं?" अम्माने पोत्यांकडे बोट दाखवलं.

सर पुढे झाले. मला वाटलं आता तिला कणांवर व्याख्यान मिळणार. पण सरांना बाईमाणसाला उतरवणं जमणारं नव्हतं आणि वजन वाढू देणंही. त्यांनी हात जोडून विचारलं, "अम्मा, आपका वज़न कितना होगा?"

"तेरे को शरम नहीं आती?" अम्मा म्हणाली.

सर खरोखर लाजले. मग त्यांनी अंदाजाने एक पोतं अम्मापोटी आणि एक छोटं पोतं लसणापोटी खाली उतरवलं, वहीत तशी नोंद करायला लावली आणि बस सुरू केली. अम्मा चार थांब्यांनंतर आशीर्वाद देत उतरली. तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं की तिच्या जागी परत बसवायची पोती करोंदलाच राहिली आहेत. ते सगळं माप त्यांनी रद्द केलं. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आजही लिहिलेलं आहे, 'दोन प्रवासी मंडीत विसरले, माप बाद.'

घरीही हेच. दिवाणखान्यात त्यांनी कण मोजणारी एक छोटी पेटी ठेवली होती. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोडणी द्यायची असली की आधी हाक मारून सांगावं लागे, म्हणजे सर वेळ टिपून घेत. एकदा उत्साहाच्या भरात ते काकूंना म्हणाले, "तुझ्या हिंग-मोहरीपुढे आपली सीएनजीची बस म्हणजे अगदीच सात्त्विक." काकूंनी वाद घातला नाही. पुढचे दोन दिवस ताटात नुसता दहीभात आला. तिसऱ्या दिवशी पेटी गच्चीवर गेली. हे मला काकूंनीच सांगितलं, सरांच्या देखत, आणि सर भिंतीकडे बघत बसले होते.

विजेची पहिली बस डेपोत आली तेव्हा सगळे तिच्यासोबत फोटो काढत होते. सर तिच्या मागे गेले, वाकले, दोन्ही बाजूंनी बघितलं, पुन्हा वाकले. हातातली नळी कुठे घालावी हे त्यांना कळेना. "हिला शेपूटच नाही," ते खिन्नपणे म्हणाले. मग अर्ध्या तासाने ताजेतवाने होऊन परत आले. टायर झिजतो, ब्रेक झिजतो, त्याचेही कण असतातच की. त्यानंतर आठवडाभर ते तिच्या चाकांपाशी उकिडवे बसलेले दिसत आणि ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगत की साहब पंक्चर काढायला शिकतायत.

पण सरांचा खरा जीव होता तो तेलात. अशोका गार्डन नावाच्या वस्तीत एक नमकीन आणि कचोरीवाला होता. तळून तळून काळं झालेलं तेल तो आधी गटारात ओतायचा. सर अकरा वर्षांपूर्वी त्याच्याकडे डबा घेऊन गेले आणि म्हणाले, हे मला द्या. तो म्हणाला, "साहब, ताज़ा ले जाओ, इतनी भी क्या मजबूरी है." मग त्याचं पाहून आणखी दुकानं आली. ते तेल गाळून, त्यावर प्रक्रिया करून, डिझेलमध्ये मिसळून बस चालवायची, असा सरांचा ध्यास. अकरा वर्षं अर्ज, फायली, 'अगले साल देखेंगे' ह्यांतून वाट काढत अखेर त्यांना एक बस मिळाली होती. ती गेली की रस्त्यावर कचोरी तळल्याचा वास यायचा. कुत्री तिच्यामागे धावत आणि लोक तिला 'समोसा बस' म्हणत. सर दुरुस्ती करत, "कचौरी."

त्या वर्षी आमच्या मापांवरून एक समिती ठरवणार होती. सरांच्या तेलाचे कण डिझेलपेक्षा कमी निघाले तर डेपोतल्या आणखी बस त्या तेलावर जाणार. नाही निघाले तर होती ती एक बसही परत डिझेलवर. आणि सर समितीच्या बैठकीच्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे त्या तेलाला वाली कोणी नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

तेल जिंकलं. निसटतं, पण जिंकलं. सरांनी बेरजा तीनदा तपासल्या. मग उठून बाहेर गेले आणि तासाभराने अशोका गार्डनहून कचोऱ्यांचा पुडा घेऊन आले. ज्या प्रयोगशाळेत मला डोक्याला तेल लावून यायची बंदी होती तिथे त्यांनी टेबलावर कागद पसरून आम्हाला गरम कचोऱ्या खाऊ घातल्या. नंतर सगळ्यांना दोनदा साबणाने हात धुवायला लावले, ते वेगळं. त्या दिवशी ते गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि ऐकायला ते फारसं बरंही नव्हतं, पण मला फार आनंद झाला.

समितीची बैठक बुधवारी होती. आधीच्या रविवारी आमच्या घरी बाबांचा वाढदिवस होता. आईने फर्मान सोडलं, "बाबांना एकोणसत्तर पूर्ण होतायत. केक आण आणि त्या आकड्यांच्या मेणबत्त्या मिळतात ना, त्या आण." मी बिट्टन मार्केटच्या बेकरीतून केक आणला, मेणबत्त्या आणल्या आणि कौतुकाने खोचल्या. सात आणि एक.

बाबांनी केककडे बघितलं. "माझी पुढची दोन वर्षं कुठे गेली?"

आई म्हणाली, "अगं, एकोणसत्तर सांगितलं होतं मी."

"मग? एक आणि सत्तर. एकाहत्तर."

"एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक उणा. सिक्स्टी नाइन." आईने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मराठी बोलतेस ना तू?"

बाबा हसायला लागले, आई हसायला लागली, मीही हसले. साधारण चार सेकंद. मग मला वही आठवली. कारण सरांनी आतून कितीदा तरी "एकोणसाठ" म्हटलं होतं आणि मी दर वेळी "एकोणसाठ" असं स्पष्ट, सुरेख परत म्हणून वहीत ६१ लिहिलं होतं. सर कधी "एकसष्ट" म्हणत, कधी "एकोणसाठ". मला वाटायचं एकाच आकड्याला दोन शब्द आहेत. मराठी समृद्ध भाषा आहे असं आई नेहमी म्हणायचीच.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार गप्प बसायचा आला. वही माझ्या अक्षरात होती, सर निवृत्त होणार होते, तेल जिंकलं होतं, आणि त्यामुळे शहराचं काही वाईट होणार नव्हतं. केक खाताना मी हे सगळं स्वतःला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना मलाच माझी लाज वाटली.

सोमवारी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन वही काढली. फिल्टरवर जमणारे कण इतके हलके असत की सगळा खेळ वजनाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर चाले. तिथे जिथे जिथे ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१ होतं, ते फिल्टर संशयित. खरा एकसष्ट कोणता आणि एकोणसाठचा केलेला कोणता, हे आता ओळखता येणार नव्हतं. कोऱ्या फिल्टरचं वजन मी दोनने जास्त लिहिलं असेल तर कण कमी दिसणार. वापरलेल्याचं जास्त लिहिलं असेल तर कण जास्त दिसणार. आणि दैवयोग असा की पहिल्या जातीचे संशयित जास्त करून तेलाच्या वाट्याला आले होते, दुसऱ्या जातीचे डिझेलच्या. संशयित सगळे काढून टाकले तर तेल आणि डिझेल शेजारी शेजारी येऊन बसत. पुढे कोण, हे काही सांगता येत नव्हतं.

सर आले, मोजे बदलले, चहा घेऊन बसले. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, माझ्याकडून मोठी चूक झाली आहे. मला एकोणसाठ म्हणजे किती ते माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

मी कागदावर ६१ लिहून दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकोणऐंशी लिही."

मी ८१ लिहिलं. "मला असं वाटायचं."

"एकोणीस?"

"१९."

"एकोणतीस?"

"२९. ते पाठ होते सर, लहानपणापासून ऐकलेले."

"मग पुढे का बिघडलं?"

"मला वाटलं ते दोन अपवाद आहेत."

सर हसायला लागले. अगदी मनापासून, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अपवाद," ते म्हणत होते, "अपवाद." मग एकदम त्यांचं हसणं थांबलं. चष्मा खाली आला. तेलाचा विचार आता त्यांच्या मनात आलाय, हे मला दिसलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट दोन मिनिटं होती. मी रडायला लागले.

"वही आण," ते म्हणाले. मी केलेल्या खुणा त्यांनी पानोपानी बघितल्या. बेरजा पुन्हा केल्या. दुपार झाली. चहा तसाच राहिला.

"पुन्हा वजन करता येईल का सर?" मी शेवटी विचारलं.

"वापरलेल्यांचं येईल. कोऱ्यांचं कसं करणार? ते आता कोरे कुठे आहेत?" त्यांनी वही मिटली. "बेटा, मी तुला आकडा परत म्हणायला लावला. तू बरोबर म्हटलास. लिहिलेलं दाखव, असं मी एकदाही म्हटलं नाही. ही पद्धत कोणाची?"

"तुमची."

"मग चूक कोणाची?"

मी पुन्हा डोळे पुसले. "आणि दुसरं," ते म्हणाले, "माझ्या आवडीचं उत्तर आलं तेव्हा मी बेरजा तपासल्या. वही नाही तपासली. नावडतं आलं असतं तर तुझं अक्षर न अक्षर उलटंपालटं करून बघितलं असतं."

बुधवारी समितीसमोर त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. एकोणसाठ, एकसष्ट, झडप, परत म्हणणं, सगळं. समितीतल्या लोकांना आधी काही कळेना आणि कळल्यावर हसू आवरेना. टेबलाच्या टोकाला बसलेले मुख्य साहेब घाईत होते. ते म्हणाले, "अरे सर, उन्नीस-बीस का फ़र्क़ होगा. रिपोर्ट अच्छी है, चलने दीजिए."

"उन्नीस-बीस का नहीं है," सर म्हणाले. "उनसठ-इकसठ का है."

"मगर आप तो ख़ुद चाहते हैं कि यह तेल चले. ग्यारह साल से चक्कर काट रहे हैं."

"चाहता हूँ. बहुत चाहता हूँ. इसीलिए मेरे आँकड़ों पर आपको ज़्यादा शक करना चाहिए."

"लिखने में ग़लती किसने की?"

मी उठायला लागले. सरांनी माझ्याकडे न बघता हात खाली केला, बस म्हणून. "तरीक़ा मेरा था," ते म्हणाले. "मुझे दो महीने और दे दीजिए, सब दोबारा नाप देंगे."

मुख्य साहेबांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. दोन महिने मिळाले नाहीत. प्रयोग संपला असं ठरलं, बस पुढच्या आठवड्यापासून डिझेलवर, तेलाचं 'आगे देखेंगे'. दहा मिनिटांत पुढचा विषय सुरू झाला. तो बसथांब्यांना कोणता रंग द्यायचा ह्याचा होता, आणि त्यावर सगळे हिरिरीने बोलत होते.

आम्ही बाहेर आलो आणि थांब्यावर उभे राहिलो. ऊन होतं. सरांनी पिशवीतून रिपोर्टची जुनी प्रत काढली, तेल जिंकलेली, आणि तिने वारा घ्यायला लागले. "सॉरी सर," मी म्हटलं, "अकरा वर्षं होती तुमची."

"तू सांगितलं नसतंस," सर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर मी उरलेलं आयुष्य जिंकलो असं समजून काढलं असतं."

बस आली. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दांडा धरून पायरीवर चढले. मग वळून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तेही काही वाईट गेलं नसतं म्हणा."